कोणती विक्रांत? एकाच नावाच्या युद्धनौकांतून आपल्या माणसाची नौका कशी ओळखायची

आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. कापूस, सोयाबीन, तूर. समुद्र पाहायचा तर आधी एक रात्र रेल्वेत काढावी लागते. अशा गावातून १९६३ साली एक मुलगा नौदलात गेला, पंधरा वर्षं नोकरी करून परत आला आणि पुढची चाळीस वर्षं त्यानं शेतीच केली. गावानं त्यांचं नाव 'जहाजवाले बुवा' ठेवलं. २०१७ मध्ये ते गेले. गेल्या २६ जानेवारीला शाळेत त्यांच्या नावाचा फलक लावायचं ठरलं आणि फोटोचं काम माझ्याकडे आलं.

मी मोबाईलवर 'विक्रांत' टाकलं, पहिला आलेला झकास फोटो उचलला आणि फ्लेक्सवाल्याकडे पाठवला. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली. बुवांच्या मंडळी, म्हणजे आमच्या काकू, फलकापाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"मास्तर, हे तं यायचं जहाज नोहे."

"काकू, नाव तर विक्रांतच आहे की."

"नाव असन. जहाज नोहे."

काकूंचं बरोबर होतं. मी टाकलेली विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात दाखल झाली, म्हणजे बुवा जाऊन पाच वर्षं झाल्यावर. घरात चौकटीत लावलेला बुवांच्या जहाजाचा फोटो काकू इतकी वर्षं फडक्यानं पुसत आल्या आहेत. त्या जहाजाचं नाक सपाट आहे आणि माझ्या फ्लेक्सवरच्या जहाजाचं वर उचललेलं. त्यांना एवढं पुरलं.

त्यानंतरचे तीन-चार महिने मी हाच उद्योग केला. शेजारच्या गावांतल्या आणखी काही घरांतल्या पेट्या उघडल्या, कागद पाहिले, चुकाही केल्या. तुमच्या गावात, घरात कोणी नौदलात होतं आणि त्यांची नौका नेमकी कोणती हे ठरवायचं असेल, तर पुढचं कामाला येईल.

आधी वर्षं, मग नाव

आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. मग सातबाऱ्यावर एकाच नावाचे दोन खातेदार येतात आणि तलाठ्याला फेरफाराची तारीख पाहून आजा कोणता, नातू कोणता हे ठरवावं लागतं. नौदलात हुबेहूब तेच चालतं. जुनी नौका सेवेतून उतरते, तिचं नाव काही वर्षं रिकामं राहतं आणि मग नव्या नौकेला दिलं जातं. पुष्कळदा नावासोबत ब्रीदवाक्यही येतं. 'जयेम सं युधि स्पृधः' हे ऋग्वेदातलं वचन पहिल्या विक्रांतचं ब्रीद होतं, दुसरीचंही तेच आहे.

म्हणून पहिली पायरी ही: कागदावर आपल्या माणसाची भरतीची आणि निवृत्तीची वर्षं लिहा. अजून नावाकडे वळूच नका. वर्षं अंदाजे असली तरी चालतील. 'दुष्काळाच्या साली परत आले', 'मोठ्या मुलाच्या जन्माआधी लढाई झाली' अशा आठवणींवरूनही बरंच जुळतं. त्याखाली त्या नावाच्या प्रत्येक नौकेची सेवेत आल्याची आणि उतरल्याची वर्षं मांडा.

आपल्या भागात विचारली जाणारी काही नावं मी इथे मांडतो. विक्रांत: पहिली ४ मार्च १९६१ ते ३१ जानेवारी १९९७, दुसरी २०२२ पासून. दिल्ली: पहिली १९४८ ते १९७८, दुसरी नोव्हेंबर १९९७ पासून. मैसूर: पहिली १९५७ ते १९८५, दुसरी १९९९ पासून. राजपूत: पहिली इंग्रजांकडून १९४९ मध्ये घेतलेली, दुसरी सोव्हिएत बनावटीची, १९८० ते २०२१. खुकरी: पहिली १९५८ मध्ये सेवेत आली आणि ९ डिसेंबर १९७१ ला बुडाली, दुसरी १९८९ ते २०२१. निलगिरी: पहिली मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, ३ जून १९७२ ला सेवेत आलेली, १९९६ ला उतरलेली, दुसरी १५ जानेवारी २०२५ ला आली.

या मांडणीतली मधली रिकामी वर्षं फार उपयोगी पडतात. एका घरी मला सांगितलं, "आमचे मामा १९८५ ला दिल्लीवर होते." १९७८ ते १९९७ या काळात दिल्ली नावाची नौकाच नव्हती. मामा खोटं बोलत होते असं नाही. ते दिल्ली शहरात, नौदलाच्या मुख्यालयात नेमणुकीवर होते आणि घरच्यांनी 'दिल्लीला' चं 'दिल्लीवर' केलं. एका प्रत्ययानं माणूस जहाजावर चढला.

लोखंडी पेटी

दुसरी पायरी घरातली पेटी. ती बहुतेक माळ्यावर असते, वरून गोणपाट टाकलेलं, कुलपाची किल्ली हरवलेली. उघडाल तेव्हा घरच्या बाईमाणसाला सोबत बसवा. कोणती वस्तू कशाची, हे बहुतेक वेळा त्यांनाच ठाऊक असतं.

पहिल्यांदा शोधायचं ते डिस्चार्ज बुक किंवा सेवेचा दाखला. त्यात नेमणुकांची नावं आणि तारखा असतील तर निम्मं काम तिथेच झालं. नसतील तर पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, पाहा. त्यावर सेवेचा क्रमांक, हुद्दा आणि निवृत्तीची तारीख मिळते. हा क्रमांक आधी वहीत उतरवून घ्या, पुढे प्रत्येक पत्रात तोच मागतात. हुद्दा आणि शाखाही लिहा: स्टोकर, कुक, टेलिग्राफिस्ट, लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर. स्टोकर म्हणजे इंजिनखोलीतला माणूस. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

बुवांच्या डिस्चार्ज बुकाला वाळवी लागली होती. पान उघडलं तर डाव्या बाजूला जहाजांची नावं शाबूत आणि उजवीकडे जिथे तारखा असाव्यात तिथे चाळणी. वाळवीनं नेमक्या तारखाच खाल्ल्या होत्या! असं पान सरळ करायला जाऊ नका, कुस्करतं. सपाट काचेखाली ठेवून उजेडात फोटो काढा आणि मोबाईलवर मोठा करून वाचा. मला असाच 'मार्च ६' एवढा तुकडा मिळाला. सहानंतरचा आकडा किड्याच्या पोटात.

मग पदकं. १९७१ च्या युद्धानंतर पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल दिली गेली. पूर्वी स्टार पूर्व आघाडीवरच्यांना, पश्चिमी स्टार पश्चिम आघाडीवरच्यांना. विक्रांत त्या युद्धात बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बाझार आणि चितगाववर हल्ले केले. मैसूर पश्चिम ताफ्याची प्रमुख नौका होती, आणि खुकरी, किरपाण, कुठारही अरबी समुद्रातच होत्या. बुवांच्या पेटीत मोज्यात गुंडाळलेला पूर्वी स्टार निघाला. एवढ्यावरून विक्रांत सिद्ध होत नाही, पूर्वेला इतरही नौका होत्या. पण पश्चिमी स्टार असलेल्या माणसाच्या फलकावर '१९७१ ला विक्रांतवर' असं लिहायच्या आत दोनदा विचार करा. पदकाच्या मागे किंवा कडेला कोरलेला क्रमांक आणि पीपीओवरचा क्रमांक जुळतो का तेही पाहा. एका घरी पदक निघालं ते काकांच्या मित्राचं होतं.

टोपीची पट्टी निघाली तर त्यावर काय लिहिलंय ते वाचा. नुसतं 'भारतीय नौसेना' असेल तर नौकेबद्दल काहीच कळत नाही. पट्टी जपून ठेवा, पुरावा म्हणून धरू नका.

आणि एक अक्षरांची खूण. कागदावर नावाआधी 'एचएमआयएस' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) असेल तर तो २६ जानेवारी १९५० च्या आधीचा. त्या दिवसापासून 'आयएनएस' (इंडियन नेव्हल शिप) सुरू झालं. पहिली दिल्ली १९४८ ला आली तेव्हा ती एचएमआयएस दिल्ली होती. त्याआधी ती अकिलिस नावाची इंग्रजी क्रूझर होती आणि डिसेंबर १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेजवळच्या रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन युद्धनौकेशी भिडली होती.

फोटो वाचायचा कसा

फोटोवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण इथेच फसायला होतं.

पहिलं फसवं चिन्ह म्हणजे आकडा. नौकेच्या अंगावर एक अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. इंग्रजी आर म्हणजे विमानवाहू, डी म्हणजे विनाशिका, एफ म्हणजे फ्रिगेट (विनाशिकेहून लहान लढाऊ नौका), पी म्हणजे त्याहूनही लहान नौका, सी म्हणजे जुन्या क्रूझर, एस म्हणजे पाणबुडी. मला वाटलं, आकडा वाचला की झालं. पण दोन्ही विक्रांतचा आकडा एकच, आर ११! निलगिरीचंही तसंच: जुनी एफ ३३, नवीही एफ ३३. नौदल नाव परत देताना आकडाही जमेल तसा परत देतं. दिल्ली मात्र सी ७४ ची डी ६१ झाली. मैसूर सी ६० ची डी ६०, म्हणजे अक्षर बदललं आणि आकडा राहिला. खुकरी एफ १४९ ची पी ४९, किरपाण एफ १४४ ची पी ४४, कुठार एफ १४६ ची पी ४६. म्हणजे विक्रांत-निलगिरीच्या बाबतीत आकडा निरुपयोगी आणि खुकरीच्या बाबतीत एकदम पक्का.

पाणबुड्यांचा घोळ तर बघण्यासारखा आहे. पहिली कलवरी १९६७ मध्ये सोव्हिएत संघाकडून मिळाली, तिचा क्रमांक एस २३. त्याच तुकडीतली करंज एस २१. माझगाव गोदीतली नवी कलवरी २०१७ ला आली ती एस २१ होऊन, आणि २०२१ ची नवी करंज एस २३. दोघींनी आकड्यांची अदलाबदल केली. फक्त खांदेरी तेव्हाही एस २२ आणि आताही एस २२. फोटोत नुसता एस २१ दिसला म्हणून कलवरी म्हणाल तर ५० वर्षांनी चुकाल. जाता जाता, करंज म्हणजे आमचं कारंजा लाड नाही आणि कारंजा घाडगेही नाही. ती मुंबईजवळच्या उरणकडची. मीही आधी उगाच छाती फुगवली होती.

आकड्यापेक्षा झेंडा जास्त बोलका. नौकेच्या मागच्या टोकाला नौदलाचा पांढरा झेंडा असतो. १९५० च्या आधी त्याच्या कोपऱ्यात ब्रिटिश झेंडा होता. १९५० पासून ऑगस्ट २००१ पर्यंत कोपऱ्यात तिरंगा आणि पांढऱ्यावर लाल क्रॉस. २००१ ते २००४ क्रॉस काढला होता, २००४ ला परत आला आणि त्याच्या मधोमध अशोकाचे सिंह बसले. २ सप्टेंबर २०२२ पासून क्रॉस गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला निळा अष्टकोन आला. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल क्रॉस गडद करडा दिसतो. भिंग लावून शोधा, झेंडा फडकताना दुमडलेला असतो.

विमानवाहू नौकेच्या फोटोत आधी विमानं पाहा. पंखा असलेलं, जाडजूड पोटाचं विमान म्हणजे अलिझे. लहानसं जेट सी हॉक. ही दोन्ही जुन्या विक्रांतची. दोन उभ्या शेपट्यांचं मिग-२९के दिसलं तर जुनी विक्रांत असूच शकत नाही. सी हॅरियर दिसलं तर थांबा: ते १९८३ नंतर विक्रांतवर होतं, पण १९८७ मध्ये आलेल्या विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेवरही होतं.

आता काकूंच्या सपाट नाकाकडे येतो. विमान वर फेकायला पुढे चढ असलेलं डेक म्हणजे स्की-जंप. नव्या विक्रांतला ती आहेच. जुन्या विक्रांतला आधी नव्हती, तिच्यावर वाफेच्या कॅटापुल्टनं विमान ढकलून उडवत. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिलाही स्की-जंप बसवली. म्हणजे सपाट नाक असेल तर नक्की जुनी, उचललेलं नाक असेल तर दोन्हीपैकी कुठलीही. काकूंच्या बाबतीत अडचण आली नाही, कारण त्यांच्या फोटोत नाक सपाट होतं आणि डेकवर सी हॉकची रांग होती. फोटो उलटला तर मागे मुंबईच्या स्टुडिओचा शिक्का आणि बुवांच्या हातची '१९६८' ही तारीख. वाळवीला मागची बाजू सापडली नव्हती.

म्हणून फोटो चौकटीतून काढून मागे पाहा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट तिरप्या उजेडात फोटो काढून घ्या.

प्रश्न विचारण्याची पद्धत

माणूस हयात असेल तर 'तुम्ही कोणत्या विक्रांतवर होता?' असं विचारू नका. त्यांच्यासाठी विक्रांत एकच होती. १९७१ मध्ये तिला कोणी 'पहिली' म्हणत नव्हतं, जसं आजोबाला कोणी जन्मतःच आजोबा म्हणत नाही. असा प्रश्न ऐकला की जुनी माणसं एकतर चिडतात नाहीतर तुम्हाला खूश करायला काहीतरी सांगतात.

कामाबद्दल विचारा. इंजिनखोलीतला माणूस असेल तर मी एकच विचारतो: "बॉयलर होता का?" बॉयलर म्हणजे वाफेवर चालणारी नौका. जुनी विक्रांत, जुनी दिल्ली, जुनी मैसूर, जुनी खुकरी, जुनी निलगिरी, सगळ्या वाफेच्या. त्याच नावाच्या नव्या नौका गॅस टर्बाइनवर किंवा डिझेलवर चालतात. १९७१ च्या आधी विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता. कमी वेगानिशीच ती लढाईला गेली आणि लढाईभर इंजिनखोलीच्या लोकांची तारांबळ राहिली. बुवा ही गोष्ट गोठ्यात बसून सांगत, आणि सांगताना हातानं वाफेची चाकं फिरवत. आम्ही पोरं हसायचो.

पण ही बॉयलरची परीक्षा सगळीकडे चालत नाही. गोदावरी नावाची गोष्ट घ्या. १९४३ ची एचएमआयएस गोदावरी फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिकडे तिचं नाव बदलून सिंध झालं. मग इंग्रजांकडची बेडेल नावाची नौका आपल्याकडे १९५३ मध्ये गोदावरी म्हणून आली. तिसरी गोदावरी भारतात बांधलेली, डिसेंबर १९८३ ते डिसेंबर २०१५. ही तिसरीसुद्धा वाफेवरच चालायची. १९८८ ला गोदावरीच्या बॉयलरपाशी घाम गाळलेला माणूस १९५३ च्या नौकेवर होता असं समजलात तर फजिती. गोमती आणि गंगा यांचंही अगदी तसंच, १९५३ च्या तुकडीत एकेक आणि ऐंशीच्या दशकात एकेक. वर्धा आणि वैनगंगेचं पाणी शेवटी गोदावरीलाच जातं, म्हणून की काय, आमच्याकडे या नावाबद्दल लोक जास्त विचारतात.

स्वयंपाकघरातला माणूस असेल तर जहाजावर किती माणसांचं जेवण बनायचं ते विचारा. विमानवाहू नौकेवर हजाराच्या वर माणसं, लहान फ्रिगेटवर काहीशे. आकडा ढोबळ चालेल, कुकला तो कधीच चुकत नाही. कुठल्या बंदरात उतरलात, लढाईच्या वेळी किनारा उजवीकडे दिसायचा की डावीकडे, असलेही प्रश्न कामाला येतात. कॅप्टनचं नाव बहुतेक आठवत नाही. मेसच्या आचाऱ्याचं हमखास आठवतं.

जमिनीवरची जहाजं

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन आठवडे वाचले असते. नौदलाचा किनाऱ्यावरचा तळही 'आयएनएस' म्हणूनच ओळखला जातो. आयएनएस शिवाजी लोणावळ्याला डोंगरात आहे, तिथे अभियांत्रिकीचं प्रशिक्षण देतात. आयएनएस हमला मुंबईत मालाडला, आयएनएस आंग्रे मुंबईतच, आयएनएस वलसुरा जामनगरला. १९८० पासून भरती झालेल्या खलाशांचं पहिलं प्रशिक्षण ओडिशातल्या आयएनएस चिल्काला होतं. तेव्हा कागदावर 'चिल्का' दिसलं की लगेच जहाजाचा फोटो शोधू नका. चिल्का सरोवराच्या काठची ती छावणी आहे.

तलवार या नावानं तर मला अक्षरशः चकवलं. एका घरी सांगितलं, "आजोबा ४६ साली तलवारवर होते." १९४६ मध्ये तलवार नावाची नौका नव्हती. एचएमआयएस तलवार म्हणजे मुंबईत कुलाब्याचं सिग्नल प्रशिक्षण केंद्र, जिथून १८ फेब्रुवारी १९४६ ला खलाशांचा उठाव सुरू झाला. समुद्रावरची तलवार फ्रिगेट त्यानंतरची, क्रमांक एफ १४०. त्यानंतर रशियात बांधलेली एफ ४० तलवार जून २००३ मध्ये आली. म्हणजे एक नाव, एक इमारत आणि दोन जहाजं. त्या घरचा कागद पाहिला तर 'सिग्नलमन' असा हुद्दा निघाला आणि आजोबा कुलाब्यातच होते हे पक्कं झालं. फलकावर जहाजाचं चित्र टाकलं असतं तर ते चूक झालं असतं. 'नाविक उठावाच्या वेळी एचएमआयएस तलवारमध्ये' हे लिहिणं कितीतरी मोठं होतं, आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

अर्ज आणि चकरा

घरातल्या वस्तूंवरून जमलं नाही तर सरकारी दप्तराकडे वळायचं. पहिली चक्कर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. माजी सैनिकांच्या नोंदी तिथे असतात आणि पुढचा पत्ताही तिथेच समजतो. पीपीओची झेरॉक्स, ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला घेऊन जा. मी रिकाम्या हातानं गेलो होतो आणि ४० किलोमीटरचा एसटी प्रवास वाया गेला.

खलाशांच्या सेवेच्या नोंदी नौदलाचं ब्युरो ऑफ सेलर्स ठेवतं. ते मुंबईत मानखुर्दला चिता कॅम्पमध्ये आहे. पत्र पत्नी किंवा मुलांच्या सहीनं पाठवा, माझ्यासारख्या गावच्या मास्तराच्या सहीनं नाही. पत्रात सेवेचा क्रमांक, पूर्ण नाव, हुद्दा, निवृत्तीची तारीख आणि नेमकी मागणी लिहा. 'सगळी माहिती द्या' असं लिहू नका. 'कोणत्या कालावधीत कोणत्या नौकेवर किंवा तळावर नेमणूक होती, त्याचा तपशील द्यावा' असं लिहा. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

जमलं तर एकदा विशाखापट्टणमला जाऊन या. रामकृष्ण बीचवर कुरसुरा ही पाणबुडी वाळूवर आणून २००२ पासून लोकांना दाखवतात. पहिल्या कलवरी, खांदेरी आणि करंजची ती सख्खी बहीण, त्याच सोव्हिएत तुकडीतली. आत वाकून चालावं लागतं. झोपायच्या फळ्या पाहिल्या की आपली माणसं घरी आल्यावर अंगणात बाजेवर का झोपायची ते समजतं. खुकरीच्या माणसांसाठी दीवला स्मारक आहे. पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं तिला बुडवलं तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. १९८९ ची दुसरी खुकरीसुद्धा डिसेंबर २०२१ ला निवृत्त झाल्यावर दीवलाच दिली गेली. तुमच्या तालुक्यातल्या कुणाचं नाव त्या १९४ जणांत असेल तर फलकावर दुसऱ्या खुकरीचा फोटो अजिबात टाकू नका. कितीही चकचकीत असला तरी.

पहिली विक्रांत पाहायला मात्र आता मिळणार नाही. मुंबईत तिचं संग्रहालय होतं, ते २०१२ ला बंद झालं आणि २०१४ नंतर तिला तोडून भंगारात काढलं. तिचं काही लोखंड एका कंपनीनं दुचाकीच्या टाकीत वापरलं. बजाजची ती व्ही आमच्या गावात एकाकडे आहे. त्याच्या गाडीच्या टाकीवर काकूंनी एकदा हात ठेवून पाहिला. तापली होती, लगेच काढला.

फलकावर काय लिहायचं

नुसतं 'आयएनएस विक्रांत' लिहू नका, वर्ष द्या. बुवांच्या नव्या फलकावर आम्ही असं लिहिलं: 'भारतीय नौदल, १९६३ ते १९७८. पहिली आयएनएस विक्रांत (१९६१–१९९७) या विमानवाहू नौकेवर सेवा. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर सहभाग, पूर्वी स्टार.' खात्री नव्हती ते गाळलं. '१९६५ च्या लढाईतही होते' असं गावात म्हणतात, पण कागद सापडला नाही म्हणून ते टाकलं नाही. चुलत भाऊ अजून नाराज आहेत.

फोटो इंटरनेटवरून न घेता घरचाच घ्या. काकूंचा चौकटीतला फोटो आम्ही वर्ध्याला नेऊन स्कॅन केला, मूळ फोटो त्याच दिवशी परत भिंतीवर लावला. फलक फ्लेक्सचा नको, इथल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. पत्र्यावर किंवा ग्रॅनाइटवर करा. फ्लेक्सवाल्याला मजकूर तोंडी सांगू नका, लिहून द्या आणि छापायच्या आधी घरच्या माणसाला दाखवा. नवा फलक काकूंना छापायच्या आधी दाखवला. त्यांनी चष्मा लावून जहाजाचं नाक पाहिलं, विमानं मोजली आणि म्हणाल्या, "हो, हे होय."

जुन्या फ्लेक्सचं काय करायचं असं शिपायानं विचारलं. पाच बाय आठचा, दणकट, नव्या विक्रांतचा रंगीत फोटो असलेला. काकूंच्या पुतण्यानं तो नेला. ऑक्टोबरच्या पावसात त्यांच्या सोयाबीनच्या गंजीवर तोच झाकलेला होता, उचललेलं नाक आभाळाकडे करून.